मुंबई भारी की महाराष्ट्र? पन्नाशीला टेकलेल्या प्रोफेसरनं मैदानात उत्तर दिलं होतं

२०२५ मध्ये विरारचा पृथ्वी शॉ मुंबईचा संघ सोडून महाराष्ट्राकडून खेळायला लागला. विरार महाराष्ट्रातच आहे, मग हा बदल कसला? तर रणजीत आपल्या एका राज्याचे तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वसई-विरारची पोरं किट घेऊन लोकल पकडतात ती मुंबईच्या संघासाठी. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची पोरं महाराष्ट्राकडून खेळतात.

यातला कोणता संघ भारी, हा वाद रणजीइतकाच जुना आहे. आणि त्या वादातलं एक मोठं नाव म्हणजे प्रा. दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवायचे आणि चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळायचे. १९२६ मध्ये इंग्लंडहून एमसीसीचा संघ आला, तेव्हा भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा ठोकल्या. पण भारताची पहिली कसोटी झाली १९३२ मध्ये. देवधर तोवर चाळिशीचे झाले होते. त्यांच्या नावावर एकही अधिकृत कसोटी नाही.

मग त्यांनी आपलं मैदान शोधलं ते रणजीत.

१९३४ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत देशाचे चार विभाग होते. आधी आपल्या विभागातल्या संघांना हरवायचं, मग बाहेरच्यांशी गाठ. हरला की घरी. मुंबई, महाराष्ट्र, नवानगर, बडोदा हे सगळे एकाच पश्चिम विभागात होते. म्हणजे मुंबई आणि महाराष्ट्र दोघंही कितीही चांगले असले तरी एकालाच पुढे जाता यायचं.

देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० ची रणजी जिंकली. पुढच्या हंगामात पुण्यात समोर आली मुंबई. महाराष्ट्रानं ६७५ धावा केल्या, त्यात एकट्या देवधरांच्या २४६. मुंबईनं उत्तर दिलं ६५० चं. फक्त २५ धावांची आघाडी, पण पुढे जायला तेवढी पुरली. नंतर उत्तरेच्या नॉर्दर्न इंडियासमोर महाराष्ट्रानं ७९८ धावा उभारल्या आणि अंतिम सामन्यात मद्रासला हरवून रणजी राखली. त्या वर्षीची खरी परीक्षा घरच्याच विभागात झाली होती.

आता एखादा विभाग तगडा आहे हे ठरवायचं कसं? विभागातल्या विभागात कितीही सामने खेळवा, एक जिंकतो, एक हरतो. बेरीज तीच राहते. विभागाची ताकद कळते ती बाहेरच्या संघांशी झालेल्या सामन्यांतून. हे माप लावलं तर पहिल्या ११ हंगामांत ९ वेळा रणजी पश्चिम विभागाकडे गेली. मुंबईनं ४, महाराष्ट्रानं २, नवानगर, बडोदा आणि वेस्टर्न इंडियानं एकेक जिंकली. म्हणून पहिल्याच फेरीत मुंबईकडून हरलेला संघ कच्चा होता असं म्हणता येत नाही. नुसता गुणतक्ता बघून खेळाडू निवडले, तर अशा संघातली पोरं मागे पडतात.

देवधर मात्र मागे हटले नाहीत. १९४४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं केली : १०५ आणि १४१. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनी बॅडमिंटनची राष्ट्रीय मैदानं गाजवली.

१९७३-७४ मध्ये बोर्डानं विभागांना थेट एकमेकांसमोर उभी करणारी एकदिवसीय स्पर्धा सुरू केली. तिला नाव दिलं देवधर करंडक. पहिला करंडक नेला दक्षिण विभागानं. म्हणजे कोणत्याही विभागाची मक्तेदारी कायमची नसते.

१९९१ मध्ये देवधरांना पद्मभूषण मिळालं. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी ते गेले. एकही कसोटी न खेळलेल्या या माणसाच्या नावाच्या करंडकासाठी पुढे कित्येक कसोटीवीर खेळले.