मंडळी कशासाठी?

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 2:42-47

पहिली मंडळी एकत्र जेवायची, प्रार्थना करायची, असेल ते वाटून घ्यायची. हे वाचलं की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि जात, नातलग सगळेच दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. तेव्हा मंडळीच त्यांचं घर झाली. पण ते घर फक्त आतल्यांचं राहावं, हे त्यांना पटेना. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे भावाचं स्थान होतं. दोनच वर्षांत ते प्रभूकडे गेले.

या रविवारी मागच्या बाकावर कोणी नवीन, एकटं दिसलं, तर शेजारी जाऊन बसूया?

प्रभू, आमच्यात सगळ्यांना जागा असू दे. आमेन.