तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात लेकरू गेलं की घरातच पुरायचे, हे आपल्याला कळलं ते सांकलियांमुळे

कल्पना करा. घरात काही महिन्यांचं बाळ गेलंय. त्याला गावाबाहेर न्यायचं नाही. राहत्या घराची जमीन खणायची, मातीची दोन करड्या रंगाची मडकी घ्यायची, बाळाला त्यात ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावायची आणि खड्ड्यात आडवी ठेवायची. शेजारी एक-दोन छोटी भांडी. मग वरून माती लोटायची, जमीन सारवायची आणि त्याच जमिनीवर पुन्हा संसार सुरू करायचा.

हे इजिप्त नाही. हे आपल्या प्रवरा, घोड आणि भीमेच्या काठचं आहे, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं. आणि ही गोष्ट उजेडात आणणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे नाव येतं ते हसमुख धीरजलाल सांकलिया यांचं.

गंमत म्हणा किंवा योगायोग, हा माणूस स्वतःच तान्हेपणी जाता जाता राहिला होता.

१० डिसेंबर १९०८ ला मुंबईत एका गुजराती वकिलांच्या घरात त्यांचा जन्म झाला. पोर इतकं अशक्त की दोन आठवड्यांचं असताना ते जगेल, अशी आशा घरच्यांनी सोडली होती. पण ते जगलं आणि चांगलं ऐंशी वर्षं जगलं.

पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानावरच्या पुस्तकाचा गुजराती अनुवाद पडला. त्या वयात त्यातलं फार काही कळलं नाही, पण किडा डोक्यात शिरला. टिळकांचे विषय कोणते, तर संस्कृत आणि गणित. मग आपणही तेच शिकायचं, असं पोरानं ठरवलं. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, नालंदा विद्यापीठावर एमएचा प्रबंध आणि मग पीएचडीसाठी थेट लंडन. तिथं मॉर्टिमर व्हीलर नावाचा तगडा पुरातत्त्वज्ञ मेडन कॅसल या किल्ल्याचं उत्खनन करत होता. सांकलियांनी त्याच्या हाताखाली काम केलं. मातीचे थर कसे वाचायचे, हे ते तिथं शिकले.

१९३९ ला पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि सांकलिया तिथं प्राध्यापक म्हणून आले. सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं पुण्याच्या आसपासच्या महापाषाण स्मारकांचं. म्हणजे मोठमोठे दगड मांडून केलेल्या रचना, ज्यांचा संबंध बऱ्याचदा दफनाशी असतो. थोडक्यात, पुण्यात आल्याआल्याच गाठ मेलेल्यांशी पडली.

मग १९४१ पासून गुजरात. मेहसाणा भागातल्या लांघणज इथं पुढच्या काही वर्षांत अश्मयुगीन शिकाऱ्यांचे सांगाडे मिळाले, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलेले. ते तपासायला सोबत कोण होतं? डेक्कन कॉलेजमधल्याच सहकारी इरावती कर्वे. 'युगान्त'वाल्या इरावतीबाई हाडंही मोजायच्या, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता मुद्द्याचं. तोवर महाराष्ट्राचा इतिहास पुस्तकात सुरू व्हायचा तो मौर्य-सातवाहनांपासून. त्याआधी इथं काय होतं? जवळजवळ कोरं पान. १९५०-५१ ला सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथं उत्खनन केलं. जोर्व्यात लाल रंगावर काळी नक्षी असलेली, चोचीसारख्या तोटीची भांडी मिळाली. या गावाच्या नावावरूनच त्या अख्ख्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. तांबं वापरणारे, पण दगडाची हत्यारं न सोडलेले हे शेतकरी लोक.

त्यानंतर नेवासा. आपल्याला नेवासा आठवतं ज्ञानेश्वरीमुळे. तिथल्या लाडमोड नावाच्या टेकाडात सांकलियांच्या टीमला थरावर थर मिळत गेले आणि ताम्रपाषाण काळातल्या घरांच्या जमिनीखाली ही मडकी. एक नाही, दोन नाही, कितीतरी. आत लहान मुलांची हाडं.

त्यातल्या एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांमध्ये दोऱ्याचे अंश टिकून राहिले होते. तपासणीत तो दोरा रेशीम आणि कापसाचा निघाला. आता जरा थांबून विचार करा. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात तांबं काही मिळत नाही. ते लांबून यायचं, म्हणजे महागच असणार. तरी कुणीतरी ते मेलेल्या पोराच्या गळ्यातून काढून घेतलं नाही.

दफनाचा अभ्यास असा चालतो. हाडावरून वय कळतं, दातावरून आजार आणि उपासमार. सोबतच्या वस्तूंवरून व्यापार आणि ऐपत. आणि कुणाला कुठं, कसं पुरलंय यावरून समाजात कुणाची किती पत होती, ते. या लोकांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे दुसरा कागदोपत्री पुरावा नाहीच.

या सगळ्याचा कळस झाला तो इनामगावला. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ला काम सुरू झालं. सांकलियांसोबत म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी होते. पुढे कितीतरी हंगाम खणकाम चाललं आणि दोनशेहून जास्त दफनं मिळाली. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० म्हणजे नऊशे वर्षं नांदलेलं गाव हळूहळू वर आलं.

इथं मुलं मडक्यात, तर मोठी माणसं खड्ड्यात सरळ झोपवलेली, डोकं उत्तरेला. जवळ खाण्यापिण्याची भांडी. पण बहुतेक मोठ्यांच्या सांगाड्यांना पावलं नव्हती. घोट्यापासून कापून टाकलेली.

का? लिहून कुणी ठेवलेलं नाही. अभ्यासकांचा अंदाज असा, की मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये म्हणून. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात हे आजीनं सांगितलेलं असतंच. दोन्हींचा थेट संबंध आहे, असं म्हणायला पुरावा नाही, पण मेलेल्याच्या पायांची भीती जुनी दिसते. माझ्या मते यात भीतीइतकीच मायाही असू शकते. घरातलं माणूस घरातच राहावं, एवढंच. पण हा माझा अंदाज झाला.

आणि मग मिळाला तो वेगळा माणूस. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर, सोबत धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष. याची पावलं मात्र शाबूत. याचं घर मोठं, कोठार याच्याकडे, मरणानंतरचा नियमही याला वेगळा. म्हणून हा गावाचा प्रमुख असावा, असं मानलं जातं. कारागिरांची घरं गावाच्या कडेला होती, हेही याच उत्खननात दिसलं. म्हणजे गावाच्या मध्यात कोण आणि कडेला कोण, हा हिशेब तेव्हाही पक्का होता.

इसवी सनपूर्व १००० नंतर चित्र बिघडतं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात. पाऊस कमी झाला, शेती हातची गेली, असं ढवळीकरांचं म्हणणं होतं. पुढे इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या दातांचाही अभ्यास झाला. जन्माच्या आसपास आई आणि बाळाचे हाल झाले असतील तर दातावर खळगा राहतो. ते खळगे तीन हजार वर्षांनीही तिथंच होते.

सांकलिया १९७३ ला निवृत्त झाले, १९७४ ला पद्मभूषण मिळालं, १९७८ ला आत्मचरित्र आलं. मध्येच रामायणातली लंका म्हणजे आजची श्रीलंका नाही, ती मध्य भारतात असावी, असं मांडून त्यांनी वादही ओढवून घेतला. तो विषय इतका मोठा आहे, की त्यावर वेगळं लिहावं लागेल.

इनामगावच्या उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ ला प्रसिद्ध झाला. त्यावर ढवळीकर आणि अन्सारी यांच्यासोबत सांकलियांचं नाव आहे. त्यानंतरच्याच जानेवारीत, २८ तारखेला, पुण्यात ते गेले.