शिदोरी उंचीची

रत्नदुर्गाच्या तटावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं, की घारी दिसतात. पंख न हलवता तरंगत असतात. समुद्रावरचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि तोच त्यांना तोलून धरतो. बिनइंजिनाचं ग्लायडरही याच न्यायानं उडतं, हे मला माझ्या पुतण्यानं सांगितलं. हडपसरला तो ग्लायडिंग शिकला आणि आता जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर पाहुणा वैमानिक म्हणून उडायला निघाला आहे. लायसन्स, लॉगबुक, वैद्यकीय दाखला, तिथल्या शिक्षकाबरोबर पहिलं उड्डाण... ओटीवर त्याची यादी वाचून होत होती आणि वहिनींचा चेहरा उतरत होता. मला रॉबर्ट क्रोनफेल्डची आठवण झाली.

क्रोनफेल्ड १९०४ साली व्हिएन्नात जन्मला. याच वासरकुप्पेवर त्यानं नाव कमावलं. मे १९२९ मध्ये ग्लायडरमधून शंभर किलोमीटरचा पल्ला ओलांडणारा तो जगातला पहिला वैमानिक ठरला. त्याच्या ग्लायडरचं नाव होतं ‘वीन’. जर्मन भाषेत व्हिएन्नाला वीनच म्हणतात. १९३० मध्ये तो पाहुणा म्हणून इंग्लंडला गेला आणि ससेक्सच्या टेकड्यांवर त्यानं उड्डाणं करून दाखवली. तिथला वारा परका, पण टेकडीला धडकून वर चढणारा. त्याची भाषा त्याला येत होती.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. इंग्लिश खाडी ग्लायडरनं जाऊन-येऊन ओलांडणाऱ्याला ‘डेली मेल’नं एक हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. खाडी अगदी अरुंद जागीही ३३ किलोमीटरची. थंड पाण्यावर चढत्या वाऱ्याचा भरवसा नाही. म्हणून विमानानं दोरीनं ओढून आधी खूप उंच न्यायचं आणि मग दोरी सोडायची. पुढे उंची हीच शिदोरी. पलीकडचा किनारा येईपर्यंत ती पुरवायची. २० जून १९३१ रोजी क्रोनफेल्ड फ्रान्सहून इंग्लंडला गेला आणि त्याच दिवशी परतलाही.

आकाशातल्या परतीचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या या माणसाला जमिनीवर मात्र परतीची वाट उरली नाही. तो ज्यू होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि क्रोनफेल्डनं इंग्लंडचा रस्ता धरला. पाहुणा तिथलाच झाला. महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये एका बिनशेपटीच्या ग्लायडरची चाचणी घेताना अपघातात तो गेला. त्याचा सोबती हवाई छत्रीनं उतरून वाचला.

हे सगळं मी ओटीवर सांगितलं. शेवटचा भाग सांगायला नको होता, असं वाटलं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी परतीचं तिकीट काढलंय का, एवढंच विचारलं. पुतण्यानं ते काढून दाखवलं. तारीख नीट वाचून त्यांनी ते देवापुढे ठेवलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.