कादंबरीतला 'तो', इतिहासातले 'ते'

मागच्या सत्रात आम्हाला तलावाच्या उंच फळीवरून उडी मारायची होती. वर गेल्यावर माझे पाय लटपटू लागले आणि मी शिडीने खाली उतरलो. कोणी हसले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच आठवड्यात ग्रंथालयात पॅट बार्कर यांची 'रीजनरेशन' ही १९९१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी हाती आली.

पहिल्या महायुद्धात मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांच्या रुग्णालयाची ती गोष्ट आहे. त्यात ओवेन नावाचा एक लाजरा अधिकारी कवी सिगफ्रीड ससून यांच्याकडे त्यांच्याच पुस्तकाच्या प्रती घेऊन सह्या मागायला येतो. मला वाटले, हे पात्र लेखिकेने रचले असेल. इंग्रजीच्या सरांनी सांगितले की ससूनही खरे आणि ओवेनही खरा. मग मी त्याचे चरित्र वाचले.

विल्फ्रेड ओवेन यांचा जन्म १८ मार्च १८९३ रोजी इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथे झाला. १९१५ मध्ये ते सैन्यात दाखल झाले, पुढच्या वर्षी मँचेस्टर रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि जानेवारी १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचले. तिथे जवळच तोफगोळा फुटून ते उडाले. नंतर त्यांना कित्येक दिवस एका सहकारी अधिकाऱ्याच्या अवशेषांजवळ पडून राहावे लागले. त्यांचे अंग थरथरू लागले, स्मरण गोंधळले. जूनमध्ये त्यांना एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात पाठवण्यात आले.

रुग्णाला कामात गुंतवले की तो सावरतो, असे त्यांचे डॉक्टर ब्रॉक मानत. म्हणून ओवेन तिथल्या 'द हायड्रा' या मासिकाचे संपादक झाले. ऑगस्टमध्ये त्यांना ससून भेटले. ससून त्यांच्या कविता वाचून दुरुस्त्या सुचवत. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या त्यांच्या काही युद्धकविता तिथेच लिहिल्या गेल्या. हयातीत मात्र मोजक्याच छापून आल्या.

ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस ते पुन्हा फ्रान्सला गेले. घर सोडताना त्यांनी आईला रवींद्रनाथ टागोरांच्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनी कमांडर जायबंदी झाल्यावर त्यांनी नेतृत्व हाती घेतले आणि शत्रूची मशीनगन काबीज केली. त्यासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबर रोजी ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना ते मारले गेले. वय २५. बरोबर एका आठवड्याने युद्ध थांबले. श्रूजबरीत विजयाच्या घंटा वाजत असतानाच आईवडिलांच्या हाती तार पडली. १९२० मध्ये आईने टागोरांना पत्र लिहून विचारले की त्या ओळी कोणत्या पुस्तकात आहेत.

बार्कर यांच्या 'द घोस्ट रोड' या पुढच्या कादंबरीत प्रायर नावाचा एक कल्पित अधिकारीही त्याच कालव्यावर मरतो. पुस्तक मिटले की प्रायर संपतो. ओवेन यांची कबर मात्र ऑर्सच्या दफनभूमीत आहे.

कादंबरी वाचताना मी ओवेनला 'तो' म्हणत होतो. चरित्र वाचल्यावर 'ते' म्हणू लागलो. थरथरणारे हात आणि मिलिटरी क्रॉस एकाच माणसाचे असू शकतात, हे मला आधी माहीत नव्हते.

पुढच्या सत्रात ती फळी तिथेच असेल. पाय बहुधा पुन्हा लटपटतील. मी मात्र पुन्हा वर जाणार आहे.