शेळीची लस बैलाला कशी चालते? उत्तर शोधताना भेटलेला रॉबर्ट कॉख

ऑगस्ट २०२२. पोळा तोंडावर आला होता आणि जळगाव जिल्ह्यात लम्पी शिरला होता. गुरांचे बाजार बंद झाले. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात लसीकरणाचं पथक येणार होतं आणि नानांचा मला फोन आला. लस शेळीच्या देवीची आहे, ती बैलाला कशी चालेल, असा त्यांचा प्रश्न. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की या लसीने बैल कायमचे कमजोर होतात. घरात शिकलेला इंजिनीअर मीच, म्हणून विचारणा माझ्याकडे.

मला उत्तर माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हणालो आणि रिलीजच्या गडबडीत दोन दिवस गेले. तेवढ्यात पथक येऊन गेलं. नाना माझ्या फोनची वाट बघत थांबले, त्यांनी बैलांना लस दिली नाही. पुढच्या आठवड्यात एका बैलाच्या मानेवर गाठी आल्या. बैल वाचला, पण त्या रब्बीत औताला जुंपता आला नाही.

त्यानंतर मी नीट वाचायला बसलो. लम्पीपासून मागे मागे जात एका जर्मन डॉक्टरपर्यंत पोहोचलो. त्याला आपण शाळेत टीबीच्या धड्यात भेटलेलो असतो. पण त्याच्या कामाची सुरुवात ढोरांच्या आजारापासून झाली, हे मला माहीतच नव्हतं.

भाड्याचं घर आणि एक मायक्रोस्कोप

रॉबर्ट कॉखचा जन्म ११ डिसेंबर १८४३ चा, जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावातला. वडील खाणीत अधिकारी, घरात तेरा भावंडं. १८६६ मध्ये तो ग्योटिंगेनहून डॉक्टर झाला. १८७२ मध्ये व्होलश्टाइन नावाच्या छोट्या गावात सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणासारखी ही नोकरी समजा. दिवसभर पेशंट, जवळ ना प्रयोगशाळा, ना विद्यापीठ, ना मोठी लायब्ररी.

त्या भागात मेंढ्या आणि गुरं अँथ्रॅक्सने मरत होती. आपल्याकडे याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात. सकाळी चरायला गेलेलं जनावर अचानक पडतं आणि मरतं. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काड्यांसारखे सूक्ष्म जीव दिसतात, हे आधीच्या संशोधकांनी पाहिलं होतं. पण त्या काड्या आजाराचं कारण आहेत की आजारामुळे नंतर आलेल्या, हे कुणी सिद्ध केलं नव्हतं.

कॉखकडे बायको एमीने भेट दिलेला मायक्रोस्कोप होता. राहत्या घरातच त्याने प्रयोग मांडले. लाकडाच्या बारीक ढलपीवर मेलेल्या जनावराचं रक्त घेऊन ते उंदराला टोचलं. उंदीर मेला, त्याच्या रक्तात त्याच काड्या. त्याचं रक्त दुसऱ्या उंदराला, मग तिसऱ्याला, असं वीस पिढ्यांपर्यंत. दर वेळी तोच आजार, त्याच काड्या.

पुढे त्याने बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवात हे जंतू शरीराबाहेर वाढवले. तेव्हा त्याला दिसलं की परिस्थिती बिघडली की या काड्या टणक बीजाणू बनवतात. हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. एखाद्या ठरावीक कुरणात दरवर्षी जनावरं का मरतात, याचा उलगडा झाला. फाशीने मेलेलं जनावर कापू नये, चिरू नये, चुना टाकून खोल पुरावं, असं पशुवैद्य आजही सांगतात. त्याचं कारण हेच. हवा लागली की बीजाणू तयार होतात आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या धोकादायक राहते.

१८७६ मध्ये कॉख आपलं सामान घेऊन ब्रेस्लाउला गेला आणि फर्डिनांड कोन या नामवंत प्राध्यापकासमोर सगळं करून दाखवलं. एखादा आजार एका ठरावीक जंतूमुळेच होतो, याचा तो पहिला पक्का पुरावा मानला जातो.

आधी बग रिप्रोड्यूस करा

कोडिंग करणाऱ्यांना कॉखची पद्धत लगेच कळेल. ॲप क्रॅश होतं अशी तक्रार आली की आपण लगेच कोड बदलत नाही. आधी तोच क्रॅश पुन्हा घडवून बघतो. तो घडवता आला नाही, तर आपण दुरुस्ती केली म्हणणं म्हणजे अंदाज.

कॉखचे म्हणून ओळखले जाणारे चार नियम असेच आहेत:

१. तो जंतू आजारी जनावरांत सापडला पाहिजे, निरोगी जनावरांत नाही.
२. तो शरीराबाहेर काढून, दुसरं काही मिसळू न देता, एकटा वाढवता आला पाहिजे.
३. तो निरोगी जनावराला टोचला की तोच आजार झाला पाहिजे.
४. त्या जनावरातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे.

यातली दुसरी पायरी सगळ्यात अवघड. द्रवात जंतू एकमेकांत मिसळतात. १८८० मध्ये बर्लिनच्या सरकारी आरोग्य कार्यालयात आल्यावर कॉखने घट्ट पृष्ठभाग वापरायला घेतला. आधी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मग जिलेटिन. पण जिलेटिन उबेत वितळायचं. त्याच्या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे जेली करताना अगर वापरायची, तिने तेच सुचवलं. १८८७ मध्ये दुसरा सहकारी पेट्री याने झाकणाची काचेची बशी आणली. आजही कुठल्याही लॅबमध्ये अगर आणि पेट्री डिश दिसतेच.

या पद्धतीने २४ मार्च १८८२ ला कॉखने टीबीचा जंतू जगासमोर मांडला. म्हणूनच त्या तारखेला जागतिक क्षयरोग दिन असतो. १८८४ मध्ये कलकत्त्यात त्याने कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला.

टेस्टिंगशिवाय रिलीज

आता दुसरी बाजू. १८९० मध्ये कॉखने टीबीवर उपाय सापडल्याचं जाहीर केलं. औषधाचं नाव ट्युबरक्युलिन. ते कशापासून बनतं हे त्याने गुपित ठेवलं, त्यामुळे इतरांना तपासता येईना. बर्लिनमध्ये रुग्णांची रीघ लागली. काही महिन्यांत कळलं की औषधाने टीबी बरा होत नाही, उलट काही रुग्ण दगावले. पुराव्याशिवाय काही मानू नका असं जगाला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच पुरावा पूर्ण व्हायच्या आत घाई केली होती.

पण ट्युबरक्युलिन वाया गेलं नाही. ज्याच्या शरीरात टीबीचा जंतू आहे, त्याच्या त्वचेवर ते प्रतिक्रिया देतं. औषध म्हणून फसलेली ही गोष्ट चाचणी म्हणून टिकली. गाई-म्हशींमधला टीबी ओळखायला ती आजही वापरतात.

बुळकांडी, मुंबई आणि मुक्तेश्वर

जुन्या माणसांना बुळकांडी हा शब्द सांगा, चेहरे बदलतात. ताप, तोंडात व्रण, हगवण आणि काही दिवसांत गोठाच्या गोठा रिकामा. १८९६ मध्ये हा रोग दक्षिण आफ्रिकेत पोहोचला आणि लाखो गुरं मेली. तिथल्या सरकारने कॉखला बोलावलं. किंबर्लीमध्ये त्याने बुळकांडीने मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावरांना टोचायची पद्धत काढली. बरीच जनावरं वाचली, पण काहींना त्या टोचण्यातूनच रोग झाला. जंतू मात्र त्याला सापडलाच नाही.

तिथून १८९७ च्या मे महिन्यात तो प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आला. मग सरकारच्या विनंतीवरून कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला गेला. तिथे गुरांच्या रोगांवर काम करणारी प्रयोगशाळा होती आणि तिची सुरुवात आपल्या पुण्यात झाली होती. १८८९ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज सगळे ज्याला सीओईपी म्हणून ओळखतात तिथे, ती उघडली. प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलवली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, मुख्यालय बरेलीजवळ इज्जतनगरला.

कॉखला बुळकांडीचा जंतू का सापडला नाही? कारण तो विषाणू होता. साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही, अगरवर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. कॉखचा दुसरा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नव्हता.

उत्तर पुढे मुक्तेश्वरलाच मिळालं. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा नेला. शेळीत रुळता रुळता तो गुरांसाठी सौम्य झाला. त्यापासून लस बनली. १९५४ मध्ये भारताने बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तेव्हा हीच लस हाताशी होती. देशात शेवटची साथ १९९५ मध्ये आली आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. माणसाने संपवलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग.

दुधाबद्दलची चूक

१९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत कॉखने सांगितलं की गुरांच्या टीबीपासून माणसाला फारसा धोका नाही. तोपर्यंत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला होता. तरी ब्रिटनने चौकशी आयोग नेमला. त्यांनी कॉखचीच शिस्त वापरून दाखवून दिलं की गुरांचा टीबी दुधातून माणसांना, विशेषतः मुलांना होतो. म्हणून कच्चं दूध पिऊ नका, उकळूनच प्या.

१९०५ मध्ये कॉखला नोबेल मिळालं. २७ मे १९१० ला बाडेन-बाडेनमध्ये तो गेला.

नानांना द्यायचं राहिलेलं उत्तर

लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच कुळातले, सख्ख्या भावांसारखे. एकाची ओळख पटली की बैलाचं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. म्हणून शेळीच्या देवीची लस बैलाला चालते. लसीत शेळीचं रक्त किंवा मांस नसतं, सौम्य केलेला विषाणू असतो. खास लम्पीची लसही आता आहे. २०१९ मध्ये रांचीकडच्या आजारी गुरांमधून विषाणू वेगळा केला, प्रयोगशाळेत पेशींवर पन्नास वेळा वाढवून सौम्य केला आणि हिसार व इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी लस बनवली. नीट बघा, पायऱ्या ओळखीच्या वाटतील: आजारी जनावरातून पकडा, वेगळा करा, वाढवा, तपासा.

लस दिल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे गाठी दिसायची वाट बघण्यात अर्थ नाही. साथ यायच्या आधी निरोगी ढोरांना लस द्यायची, गोठ्यातले डास, माश्या, गोचीड कमी करायचे आणि आजारी जनावर वेगळं बांधायचं. शंका आली तर जवळचा सरकारी दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

आणि ग्रुपवर काही आलं की एकच प्रश्न विचारा: हे कुणी, कोणत्या जनावरांवर, कसं तपासलं? हा प्रश्न कॉखलाही सुटला नव्हता, तर फॉरवर्ड करणाऱ्याला का सुटावा?

नाना आता दरवर्षी पावसाळ्याआधी स्वतःच लसीची चौकशी करतात. मला विचारत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, पण आता त्यांचा फोन आला तर मी दोन दिवस लावणार नाही.