विदुषी इरावती कर्वे : बर्लिन येथील विद्याभ्यास

ज्ञातीच्या स्मरणिकेत थोरांची चरित्रे द्यावयाची ती केवळ अभिमान मिरविण्यासाठी नव्हेत. उच्च विद्येसाठी घर सोडणाऱ्या मुलामुलींस त्यांतून धीर मिळावा, हा हेतू असतो. म्हणून कै. इरावतीबाई कर्वे यांच्या विद्यार्थिदशेतील एक पर्व आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात करमरकर कुटुंबात झाला. सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ साली त्यांनी एम. ए. पदवी मिळविली. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्रज्ञ दिनकरराव, हे त्यांचे पती.

त्याच वर्षी पुढील संशोधनासाठी त्यांनी बर्लिनला जाण्याचे ठरविले. स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचलेल्या महर्षींनाही सुनेचे हे परदेशगमन पसंत पडले नाही. परंतु पती पाठीशी उभे राहिले व डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ रक्कम दिली.

बर्लिनमधील कैसर विल्हेल्म संस्थेत मानवशास्त्र व मानवी आनुवंशिकता यांचे अध्ययन चाले. संचालक ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील विषमता इतरांहून अधिक असून तेच त्यांच्या बुद्धिश्रेष्ठत्वाचे गमक होय, अशी फिशर यांची अटकळ होती. तिची परीक्षा करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी १४९ कवट्या काटेकोरपणे मोजल्या. विषमतेचा वंशाशी संबंध असल्याचे त्यांस आढळले नाही, आणि तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. ज्यांच्या हाती पदवी, त्यांच्याच मताविरुद्ध निष्कर्ष मांडणे परदेशातील एकट्या विद्यार्थिनीस सोपे नव्हते. डॉक्टरेट मिळाली, परंतु श्रेणी अगदी खालची पडली. पुढे नाझी राजवटीत त्याच संस्थेच्या वंशविचाराने केवढा अनर्थ घडविला, हे जगास ठाऊकच आहे.

मायदेशी परतल्यावर १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. मोजमापाची साधने घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. १९६८ साली डॉ. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. समान दर्जाचे गट एकाच रक्ताचे असतीलच असे नाही, हे त्या अभ्यासातून दिसून आले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे देहावसान झाले.

ज्ञातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आम्हां सर्वांस हा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी आनुवंशशास्त्राचा अभ्यास अवश्य करावा. मात्र कुळाचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी नव्हे. गुरूविषयी आदर ठेवूनही मोजून जे आढळले तेच लिहावे, आणि त्यापायी श्रेणी घसरली तरी खंत करू नये.