सरकारचे वकील मोतीलाल सेटलवाड



आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी यवतमाळच्या न्यायालयाची पायरी चढली आहे. तेथे आपण सरकारी वकील पाहतो. सरकार त्यांना पैसे देते, तेव्हा ते सरकारचीच बाजू घेणार असे आपण गृहीत धरतो. पण सरकारच चुकले तर त्यांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या वागणुकीतून देणाऱ्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ.

मोतीलाल सेटलवाड यांचा जन्म १८८४ साली अहमदाबादला झाला. वडील सर चिमणलाल हेही नामवंत वकील होते. मोतीलाल मुंबई उच्च न्यायालयात नावारूपाला आले आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे महाधिवक्ता, म्हणजे प्रांत सरकारचे मुख्य कायदा सल्लागार झाले. १९४२ साली ‘भारत छोडो’ चळवळीच्या काळात त्यांनी हे मानाचे पद सोडले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनीही गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता.

देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेच्या ७६ व्या कलमाने केंद्र सरकारसाठी महान्यायवादी हे पद निर्माण केले. राज्यांसाठी १६५ व्या कलमात महाधिवक्त्याची तरतूद झाली. महान्यायवाद्याची नेमणूक राष्ट्रपती करतात. त्याला देशातील कोणत्याही न्यायालयात बाजू मांडता येते. संसदेत बोलताही येते, पण मत देता येत नाही. १९५० साली या पदावर पहिले बसले ते सेटलवाड. १९६३ पर्यंत, तब्बल १३ वर्षे, ते तेथे होते. दादरा व नगर हवेलीच्या प्रश्नावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तेव्हा भारताची बाजू मांडणाऱ्यांत तेही होते.

त्यांची खरी कसोटी १९५८ साली लागली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. लोकांच्या विम्याचा पैसा असा का गुंतवला, हा प्रश्न फिरोज गांधी यांनी संसदेत लावून धरला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्यापुढे उघड चौकशी झाली. आयोगाला साहाय्य करण्यासाठी सेटलवाड उभे राहिले. ज्या सरकारचे ते सल्लागार, त्याच सरकारचे अर्थमंत्री चौकशीच्या घेऱ्यात होते. सेटलवाडांनी शब्द मऊ केले नाहीत. सचिवाने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सेटलवाड मात्र त्यानंतरही पाच वर्षे महान्यायवादी राहिले. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, होयबा आणि सल्लागार यांत फरक आहे. होयबा माणसाशी निष्ठा ठेवतो, सल्लागार त्या माणसाकडे सोपवलेल्या कामाशी. रोगी नाराज होईल म्हणून डॉक्टरने रोग लपवला, तर त्याला आपण निष्ठावान म्हणत नाही.

आपणही बचत गटात, सहकारी सोसायटीत, शाळेच्या समितीत बसतो. हिशेब चुकलेला दिसतो, आणि अध्यक्ष आपल्या ओळखीचे असतात. तेव्हा आपण बोलतो की मान खाली घालतो? हा प्रश्न आपल्या पॅरिशच्या समितीलाही लागू आहे. माझे काही चुकले, तर ते मला तोंडावर सांगणारी माणसे तेथे असावीत, एवढीच माझी अपेक्षा.

आपला,
धर्मगुरू